पाण्याचं कातडं

मालवणच्या बाजारात आमचं चष्म्याचं दुकान.
गॉगलचा स्टँड फिरताना कुरकुरतो;
पर्यटक आरशात आधी केस बघतात, मग गॉगल.

येसो कोयंडे आले ते आरशाकडे पाठ करूनच बसले.
छत्तीस वर्षं रापणीवर नजर ठेवणारा माणूस,
किनाऱ्यावरून पाण्याचा रंग बघून
होडी कुठल्या अंगानं वळवायची ते हातानं सांगणारा.
उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूनं,
मांसाचा एक कोंब बुबुळाकडे सरकत आलेला.
"डॉक्टर म्हणता, डोळ्यांक ऊन दाखवू नको.
मासो काय सावलेत येतलो?"

मी पाठ केलेलं बोलून गेले:
काळी काच म्हणजे चांगली काच नव्हे.
नुसतीच काळी असली तर बाहुली मोठी होते
आणि नको ते किरण आत जास्तच शिरतात.
खोल दर्यात जाणाऱ्याला राखाडी.
उथळ पाण्यात, वाळूवर, तपकिरी;
तिथं माशाची कड सुटी होते.
बाजूनं बंद हवा, नाहीतर ऊन कानाकडून येतं.
मग मोबाइलसमोर काच धरून आडवी-उभी फिरवली,
पडदा काळाठिक्कर.
"बघा, ही पोलराइज्ड. आणि ही साडेतीनशेची,
कशीही फिरवा, आपला गणपती दिसतोच."

"माका मोबाइल बघूचो नाय," ते म्हणाले.
"पाणी बघूचा आसा."

दुकान शेजारच्या खाजेवाल्यावर सोडून
तीन गॉगल घेऊन आम्ही जेटीवर गेलो.
साडेअकराचं ऊन. समोरचा किल्ला
पांढऱ्या लखलखीत अर्धा विरघळलेला.
पहिला त्यांनी काढून माझ्या हातात दिला, बोलले नाहीत.
दुसरा हिरवा. "ह्येच्यात सगळाच शेवाळ."
तिसरा तपकिरी.
बराच वेळ काहीच नाही.
मग मान कलती केली, इकडे, तिकडे,
कोंबडा दाणा बघतो तशी,
आणि हळूच:
"गो, पाण्याचा कातडा निघाला."

खाली खांबाला बिलगलेली कालवं, कुणाची तरी चप्पल,
गंजका नांगर, आणि पेडव्यांचा घोळका
सुयांचं पाकीट सांडावं तसा.

मला वाटलं झालं, आता बिल.
पण गॉगल कपाळावर गेला, खाली आला, पुन्हा वर.
"मासो दिसता. पण वारो खय गेलो?"

त्यांनी बोट दाखवलं.
लांब पाण्यावर चकाकीचा एक पट्टा थरथरत होता,
तिथं वारा उतरला होता.
शेजारी मंद, तेलकट पट्टा, तिथं पाणी उलटं वळत होतं.
जी लखलख त्यांचा डोळा खात आली
तीच छत्तीस वर्षं त्यांना सगळं वाचून दाखवत होती.
काच लावली की पान कोरं.

हे कंपनीच्या पत्रकात नाही.

बावीसशेचे अठराशे झाले. बाराशे रोख,
उरलेले बांगडा लागला की.
मी दिलेली दोरी त्यांनी परत केली,
खिशातून जाळ्याचा नायलॉन काढला,
दोन्ही काड्यांना जाळ्याचीच गाठ मारली.
"वारो बघूचो तेवा कपाळार. मासो बघूचो तेवा डोळ्यार."
गोड्या पाण्यानं धुवा, मी म्हटलं, लुंगीनं पुसू नका,
मीठ काच खरवडतं.
लुंगीनं पुसतच ते पायऱ्या उतरले.

सहाशे अजून यायचेत.
रविवारी चिवल्याच्या वेळेवर गेले होते, उधारी मागायला नव्हे.
माणसं रापणीच्या दोऱ्या खांद्यावर घेऊन बसलेली,
विडी, गप्पा, एक कुत्रं.
आणि येसो एकटे, गुडघाभर पाण्यात,
गॉगल कपाळावर, डोळे बारीक.
हात अजून वर गेला नव्हता.
मी पिशवीतून नमुन्याचा गॉगल काढला.
लावून बघितलं. काढून बघितलं.
मला दोन्ही वेळा पाणीच दिसलं.